चापामागचं रबर आणि १९१७ चा शिक्का

फोन दुपारी जेवताना आला. "काका, नानांच्या रिव्हॉल्व्हरवर नंबरच नाही म्हणतायत."

ठाण्यातलं, नौपाड्यातलं घर, दोन पिढ्यांची ओळख. नाना जाऊन तीन महिने झाले होते. त्यांच्या नावावर परवान्याचं पॉइंट बत्तीस बोअरचं स्मिथ अँड वेसन होतं. परवानाधारक गेला की ते हत्यार घरात ठेवता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. नातवाने ते केलं होतं. विक्रेत्याच्या रजिस्टरमध्ये नोंद होताना बोअर आणि कंपनीचं नाव लिहून झालं, आणि नंबरापाशी गाडी अडली. स्मिथ अँड वेसनचा नंबर मुठीच्या बुडाशी असतो हे त्या माणसाला पाठ होतं. इथे बूड सगळं लाकडाने झाकलेलं होतं. सिलिंडरच्या मागच्या तोंडावर नंबर होता आणि तो परवान्याशी जुळत होता, पण सिलिंडर बदलताही येतं. सांगाड्यावरचा, म्हणजे हत्याराच्या मुख्य अंगावरचा, नंबर कुठे?

प्रश्न साधा नव्हता. त्याच कायद्याचं कलम ८ हत्यारावरचा नंबर खोडणं, काढणं किंवा बदलणं याबद्दल आहे. नातू घाबरला होता तो त्यामुळे. नानांनी आयुष्यात रिक्षावाल्याशी दोन रुपयांवरून वाद घातला नव्हता, आणि त्यांच्या मागे हे.

मी बंदुकांतला माणूस नाही, हे आधी सांगतो. वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये नोकरी झाली. निवृत्तीनंतर जुनी मापनयंत्रं, रंधे, गिरमिटं जमवतो आणि कुठली वस्तू कधीची हे शोधत बसतो. ओळखीतल्या लोकांना वाटतं, लोखंड जुनं असलं की मला कळतं. या प्रकरणात माझा उपयोग झाला तो लोखंडापेक्षा रबर आणि पितळ यांच्यापायी.

घरी काय होतं

हत्याराला हात लावायचा प्रश्नच नव्हता, म्हणून आधी घरातल्या वस्तू पाहिल्या. नानांच्या ट्रंकेत चामड्याचं कव्हर, पुठ्ठ्याचं एक छोटं खोकं, कसर लागलेली एक पावती आणि टिशू पेपरात गुंडाळलेल्या, मुठीच्या दोन बाजूंना बसवायच्या पांढऱ्या दोन मुठी. शिवाय नातवाने मोबाइलवर काढलेले रिव्हॉल्व्हरचे फोटो. त्यात लाकडी मुठीच्या बुडाशी बारीक अक्षरांत एक इंग्रजी ओळ दिसत होती. पेटंट, जून ५, १९१७.

घरात याच ओळीवर एक कथा उभी होती. पहिल्या महायुद्धातलं हत्यार, कुण्या साहेबाने जाताना नानांच्या वडिलांना दिलेलं. मुलगा, सून, नातू, सगळ्यांना ती कथा तोंडपाठ. नातवाने तर विक्रेत्यालाही "१९१७ चं आहे" असंच सांगितलं होतं.

ती तारीख हत्याराची नाही. मुठीच्या बांधणीचीही नाही म्हणा हवं तर, ती कल्पनेची तारीख आहे. स्मिथ अँड वेसनने त्या सुमारास रेग्युलेशन पोलीस नावाचं मॉडेल काढलं. छोट्या सांगाड्याची मागची कड थोडी आत कापून त्यावरून लाकूड खालपर्यंत ओढायचं, म्हणजे लहान हत्याराला मोठी चौकोनी मूठ मिळते, अशी ती युक्ती. पेटंट तिचं. अमेरिकेत तेव्हा पेटंट मंजुरीपासून १७ वर्षं चालायचं, म्हणजे हे १९३४ मध्ये संपलं. शिक्का मात्र त्यानंतरही मुठींवर पडत राहिला. तेव्हा हा शिक्का असलेली मूठ १९१७ च्या आधीची नाही, यापलीकडे ती तारीख काही बोलत नाही. दारावर "स्थापना" म्हणून लिहिलेल्या सालावरून आतल्या जिलेबीचं वय काढण्यासारखं ते आहे.

पण याच ओळीने माझं निम्मं काम केलं. मूठ रेग्युलेशन पोलीस पद्धतीची, म्हणजे बूड लाकडात बंद. मग कारखाना नंबर मारणार कुठे? या मॉडेलवर तो मुठीच्या पुढच्या पट्टीवर मारायचे, जिथे आपली मधली बोटं टेकतात तिथे. फोटोत नेमक्या त्याच जागी, चापाच्या कड्यामागे, एक काळा ठोकळा बसलेला दिसत होता.

त्याला ग्रिप अ‍ॅडॉप्टर म्हणतात. जुन्या रिव्हॉल्व्हरची मूठ बारीक असायची आणि चापाच्या कड्यामागे पोकळी राहायची. गोळी सुटताना हत्यार हातात वर सरकायचं आणि कडं मधल्या बोटाच्या सांध्यावर आपटायचं. ती पोकळी भरायला हा तुकडा. लाकडी मुठी न बदलता बसतो, धातूच्या पातळ पट्ट्यांनी मुठींच्या खाली अडकतो. असे तुकडे बनवणारे फार नव्हते. ओक्लाहोमा सिटीच्या मेल्विन टायलरचा टी-ग्रिप अ‍ॅल्युमिनियमचा, तांब्याच्या पट्ट्यांचा. लॉस एंजेलिसच्या पॅकमायरचा रबराचा. नातवाने फोटोवरून शोधाशोध करून "टायलर" असा निकाल दिला होता, कारण फोटोत कडेला तांबूस पट्टी दिसत होती आणि टायलरचे काळ्या रंगाचेही असतात.

मी त्याला म्हटलं, "पट्टी बघून नाव नको ठरवूस. अंगावरचं जानवं बदलता येतं."

खोकं आणि पावती

खोक्यावर नाव पॅकमायर गन वर्क्सचं होतं, आणि खाली पत्ता: साउथ ग्रँड अ‍ॅव्हेन्यू, लॉस एंजेलिस १५, कॅलिफ.

हा "१५" फार कामाचा. अमेरिकेत मोठ्या शहरांच्या पत्त्यात असे विभाग-क्रमांक १९४३ मध्ये आले आणि १९६३ च्या जुलैत पाच आकडी झिप कोड सुरू झाला. म्हणजे शहरापुढे एक-दोन आकडी क्रमांक असलेलं खोकं या वीस वर्षांतलं. त्याआधीच्या छपाईत नुसतं शहराचं नाव, नंतरच्यात झिप आणि राज्याची दोन अक्षरं. आपल्याकडेही हीच गंमत आहे. जुन्या कॅशमेमोवर "बॉम्बे १", "बॉम्बे २८" असतं, सहा आकडी पिन कोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. माझ्याकडच्या अर्ध्या अवजारांची आणि यंत्रांची वयं मी खोक्यांवरच्या पत्त्यांवरून काढली आहेत. लोक वस्तू जपतात आणि खोकं रद्दीत घालतात, हे माझं जुनं दुःख.

अर्थात दुकानात माल पडून राहतो आणि छापखान्यात छापलेली खोकी संपेपर्यंत वापरली जातात. १९६३ ही भिंत नाही, कुंपण आहे.

पावतीवर तारखेचा कोपराच कसरीने खाल्ला होता. मुंबईच्या फोर्टातल्या शस्त्रविक्रेत्याची, पत्ता "बॉम्बे १". मालाच्या रकान्यात रिव्हॉल्व्हरची रबरी ग्रिप, नग एक. किमतीच्या रकान्यात तीन खाने: रुपये, आणे, पै. आणि त्यात हाताने लिहिलेलं १८-८-०.

साडेअठरा रुपये. नव्या पैशांचा व्यवहार १ एप्रिल १९५७ ला सुरू झाला. पुढे काही वर्षं आणे आणि नवे पैसे दोन्ही चालत होते, जुन्या मुनीमांचा हात आण्यांवरून लगेच उठला नाही हेही खरं. तरी आण्यांत किंमत लिहिलेली पावती १९५७ च्या फार पुढे नेता येत नाही. खोकं सांगतं १९४३ नंतर, पावती सांगते १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत. युद्धात अमेरिकेतून असला शौकीन माल मुंबईत उतरणं अवघड, तेव्हा मनातून मी १९४६ ते १९५८ धरलं. कागदावर मात्र कुंपणंच लिहिली.

पांढऱ्या मुठींचं आटोपतो. घरच्यांना त्या हस्तिदंताच्या वाटत होत्या आणि वन्यजीव कायद्याची वेगळी धास्ती होती. भिंगाखाली हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकांना छेदणाऱ्या रेघांची जाळी दिसते. इथे नुसत्या सरळ समांतर रेघा, फळीसारख्या, यंत्राने काढल्यागत. अंगठ्याने जोरात घासून नाकाशी धरलं तर कापूर. सेल्युलॉइड. हस्तिदंताची हुबेहूब नक्कल म्हणूनच ते विकलं जायचं. धास्ती गेली, पण मी त्या मुठी ट्रंकेतून लगेच बाहेर काढायला लावल्या. जुनं सेल्युलॉइड कुजायला लागलं की आम्लाची वाफ सोडतं, आजूबाजूचं पोलाद गंजवतं, आणि पेट घेतं तेही पटकन. कव्हरच्या पितळी बटणावर हिरवट पूड आली होती ती उगीच नव्हे.

विक्रेत्याकडे

पुढच्या आठवड्यात नातू आणि मी विक्रेत्याकडे गेलो. हत्यार त्यांच्या हातात, रिकामं करून सिलिंडर उघडं ठेवलेलं. मी टेबलाच्या या बाजूला भिंग आणि बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर घेऊन. त्यांना मी आधीच विनंती केली होती की स्क्रू उघडताना साधा पेचकस लावू नका, खाचेच्या मापाला घासलेला एक मी आणतो. कल्हईवाल्याने उघडलेल्या जुन्या हत्यारांच्या स्क्रूंची तोंडं पाहिलीत तर कळेल का ते.

ते म्हणाले, "साहेब, तुम्ही डॉक्टरसारखं करताय."

"पेशंट तुमचाच आहे," मी म्हटलं.

स्क्रू सैल झाला, लाकडी मुठी उचलल्या गेल्या. उजव्या मुठीच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने लिहिलेला नंबर, फिकट पण वाचता येणारा. कारखान्यात मूठ त्या त्या सांगाड्यावर घासून बसवत आणि दुसऱ्याची तिसऱ्याला जाऊ नये म्हणून आत नंबर टाकत. तो परवान्याशी जुळला. म्हणजे मूठ त्याच हत्याराची, जन्मापासूनची. नातवाने सुस्कारा सोडला. मी सोडला नाही, कारण पेन्सिलीचा नंबर म्हणजे सांगाड्यावरचा नव्हे.

मग तो काळा तुकडा पुढे ओढून काढला. सहज निघाला नाही. खाडीच्या हवेत इतकी वर्षं रबर पोलादाला चिकटून बसलं होतं. निघाला तेव्हा खाली तुकड्याच्या आकाराची एक स्वच्छ सावली दिसली. आजूबाजूचा निळा मुलामा हाताच्या घामाने तपकिरी, करडा झालेला, आणि त्या सावलीत मात्र कारखान्यातून निघाला तसा गर्द निळा, कडेने गंजाची बारीक रांगोळी. तिथेच सहा आकडे. टोकाचे दोन रबराच्या कडेबाहेर होते, पण मळाने बुजलेले. बाकीचे चार निळ्यात, नव्यासारखे, काठ धारदार. परवाना, सिलिंडर, पेन्सिल, सांगाडा, चारही एक.

विक्रेत्याने रजिस्टर पुढे ओढलं आणि काही न बोलता नंबर लिहिला.

नंबर पाच लाखांच्या घरातला. या मालिकेत रेग्युलेशन पोलीस मॉडेल सुमारे ३ लाख ३१ हजारांपासून सुरू होतं. पाच लाखांपुढचे म्हणजे त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, पण दुसरं महायुद्ध संपायच्या आधी बनलेले. युद्ध संपल्यावरच्या मालिकेत हे मोडत नाही, आणि १९५७ पासून सांगाड्यात आत मॉडेल क्रमांक मारायला लागले तोही इथे नव्हता. १९१७ च्या साहेबाची कथा तिथेच संपली. पहिलं महायुद्ध संपून वर्षं लोटल्यावर बनलेलं हत्यार त्या युद्धात कोणी कुणाला देणार?

आता तुकडा माझ्या हातात होता. नखाने दाबला तर कडक, पण धातू नव्हे. कोपऱ्यावर जिथे झिजला होता तिथे चांदीसारखा रंग नाही, आत-बाहेर काळाच. साच्याच्या दोन अर्ध्यांची जोडरेघ मधोमध उभी, बारीक धागा उमटल्यासारखी. पृष्ठभागावर राखाडी पूड, जुन्या रबरातून गंधक वर येतं तशी. टायलर बाद. आतल्या बाजूला साच्यातूनच उठलेली अक्षरं होती, त्यातलं पॅकमायर वाचता येत होतं. त्याखालची ओळ कुणीतरी कानशीने साफ केली होती.

ती ओळ गेल्याचं वाईट वाटलं. तिथे पेटंट क्रमांक असता तर आणखी एक कुंपण मिळालं असतं. अमेरिकी पेटंटांची गणती सलग आहे: वीस लाखावं १९३५ मध्ये, तीस लाखावं १९६१ मध्ये. क्रमांक असला की सालापर्यंत पोचायला दोन मिनिटं.

कानस कशासाठी फिरवली होती ते पट्टी बघितल्यावर कळलं. मूळची पट्टी तुटली असणार, तिच्या जागी कुणीतरी दुसरी बसवली होती आणि ती नीट टेकावी म्हणून रबराचा उंचवटा घासला होता. नातवाला तांब्याची वाटली ती हीच. विक्रेत्याच्या चहातलं लिंबू मागून घेतलं, आतल्या एका कोपऱ्यावर चोळलं. पिवळंधम्मक. पितळ. जुन्या वस्तूला लिंबू लावू नये, मला माहीत आहे. एकच कोपरा.

ही दुरुस्ती ताजी नव्हती. रबराला टेकलेली बाजू काळीभोर पडली होती, दुसरी नुसती तांबूस. रबरातलं गंधक पितळ-तांब्याला असं काळवंडवतं, पण त्याला वेळ लागतो. कुणी आठवड्यापूर्वी नंबर लपवायला हे बसवलं असेल, ही शंका कोणाच्या मनात असलीच तर ती त्या काळेपणाने निकालात निघाली.

आणि मग दुसऱ्या बाजूला भिंग धरलं तेव्हा बारीक रेघा दिसल्या. कानशीच्या नव्हेत. समांतर, सारख्या अंतरावर, एक लांब, एक आखूड. व्हर्निअर लावला. पाच घरांचं अंतर १५.९ मिलिमीटर आलं. एका घराला ३.१७५ च्या जवळ, म्हणजे इंचाचा आठवा भाग. कुणीतरी पितळी फूटपट्टी कापून, तापवून नरम करून, वाकवून ही पट्टी केली होती. काम बरं होतं. वाकवलेल्या जागी तडा नव्हता, कडा मारलेल्या होत्या. टूलरूममध्ये आला असता तर मी त्याला ठेवून घेतलं असतं.

चालती फूटपट्टी कोणी कापत नाही. आपल्याकडे मापांचा कायदा १९५६ चा, १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनं टप्प्याटप्प्याने आली आणि पुढच्या काही वर्षांत दुकानांतून वार-फूट कायद्याने हद्दपार झाले. इंचाची पट्टी भंगार झाली ती त्यानंतर. पट्टी म्हणून दुरुस्ती १९६० च्या आसपासची किंवा नंतरची असावी. "असावी" हा शब्द मी टिपणात अधोरेखित केला. मोडकी फूटपट्टी त्याआधीही कापली जाऊ शकते.

टिपण

विक्रेत्यासाठी आणि परवाना शाखेत लागलं तर म्हणून एक पानाचं टिपण केलं. हत्यार: युद्धापूर्वीचं, नंबर पुढच्या पट्टीवर, स्पष्ट. लाकडी मुठी: त्याच हत्याराच्या; शिक्क्यातलं १९१७ हे पेटंटचं साल. रबरी तुकडा: पॅकमायर, १९४३ ते १९६३ मधला, पावती याच तुकड्याची धरली तर १९५० च्या दशकाच्या अखेरीनंतरचा नाही. पितळी पट्टी: स्थानिक दुरुस्ती, त्याहून उशिराची. एका मुठीत तीन वयं. घोटाळा झाला तो सगळ्यांना एकच वय द्यायला गेल्यामुळे.

तुकडा परत बसवू नका असं मी सुचवलं, कारण पुढच्या प्रत्येक तपासणीत हाच खेळ होणार. विक्रेत्याने तो वेगळ्या पाकिटात घालून हत्याराबरोबरच ठेवला. सुटा भाग घरी न्यायचा का, यावर नातवाचं आणि त्यांचं थोडं बोलणं झालं. मी त्यांची बाजू घेतली. पाकीट तिथेच राहिलेलं बरं.

परतताना नौपाड्यात चहाला थांबलो. आजी कॉटवर बसल्या होत्या. साहेबाची कथा खोटी निघाली हे त्यांना कसं सांगायचं या विचारात नातू चुळबुळत होता. शेवटी त्याने सांगितलंच. आजींनी फारसं मनावर घेतलं नाही. "ते सासरे सांगायचे," म्हणाल्या, "त्यांना सगळंच साहेबाने दिलेलं असायचं."

मग त्याने मोबाइलवर पितळी पट्टीचा फोटो मोठा करून दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, फोन डोळ्यांजवळ नेला.

"ही तर दादांची फूटपट्टी."

दादा म्हणजे त्यांचे वडील. कोपरीत शिवणकामाचं दुकान होतं त्यांचं. नवी मापं आली तेव्हा पट्टी टाकवेना म्हणून माहेराहून इथे आणली, पोरं रेघा मारायला वापरायची, आणि एक दिवस नानांनी ती कापली.

"चार दिवस बोलले नव्हते मी यांच्याशी," आजी म्हणाल्या. "विचारलं तर सांगेनात कशाला कापली ते."

घरी येऊन टिपणात पट्टीच्या ओळीखाली आणखी एक ओळ घातली: कुटुंबातील सांगीव माहितीप्रमाणे, घरच्या पितळी फूटपट्टीपासून. पुराव्याच्या रकान्यात ती घातली नाही.